हौसाबाईंचे धवले आणि कुलूप

‘अत्यंत तातडीचे’ असा शेरा असलेली ईमेल आली आणि कमलाकरांनी ती लगोलग उघडली. पस्तीस वर्षं सरकारी कचेरीत त्यांनी तातडीचे कागद आठ-आठ दिवस पडू दिले होते. निवृत्तीनंतर सुधारले, ते असं नडलं.

तासाभरात पडद्यावर खंडणीची चिठ्ठी आली: तुमच्या सर्व फायलींना कुलूप लागलं आहे. लेखी आलं म्हणजे खरं, असा कमलाकरांचा जन्माचा विश्वास. त्यांनी तपासलंही नाही.

त्या फायलींत विचुंब्याच्या हौसाबाईंचे धवले होते. हौसाबाई धवलारीण, लग्नातली ही गाणी त्यांच्यावाचून होत नसत. कमलाकरांनी सहा वर्षं खपून ती रेकॉर्ड केली. मग घशाचं ऑपरेशन झालं, बाईंचा आवाज गेला. येत्या रविवारी बाईंच्या नातीची, मैनाची हळद होती आणि तिथे हेच धवले लावायचे होते.

खांदा कॉलनीत त्यांच्या शेजारी राहणारी रेवा संगणकातल्या असल्या विषाणूंचा अभ्यास करूनच पोट भरते. तिने इंटरनेट नसलेल्या एका लॅपटॉपवर हा विषाणू मुद्दाम मोकाट सोडला आणि दोन दिवस त्याच्या सवयी टिपल्या. शिरल्यावर पाऊण तास गप्प बसतो. आधी राखीव प्रती पुसतो, मग कुलपं घालतो. प्रत्येक फायलीच्या नावामागे आपली चार अक्षरं चिकटवतो. कमलाकरांना कौतुकच वाटलं. असा शिस्तीचा कारकून त्यांना कधी मिळाला नव्हता.

"या जातीची किल्ली अजून कुणाकडे नाही, काका," रेवा म्हणाली. "एवढंच, की संगणक चालवणाऱ्या ‘विंडोज’ नावाच्या फोल्डरला तो हात लावत नाही. संगणकच मेला तर चिठ्ठी दाखवणार कशावर?"

 मग कमलाकरांनी कबूल केलं. ज्येष्ठांच्या संगणकवर्गात मास्तरांनी दम दिला होता, त्या फोल्डरला कोणीही हात लावायचा नाही. म्हणजे त्याहून सुरक्षित जागा कुठली? धवले त्यांनी तिथेच ठेवले होते.

रेवाने कपाळाला हात लावला. "हे कुठे सांगू नका. लोक करतील."

गाणी सगळी शाबूत निघाली. हौसाबाईंना बोलावून पहिलं ऐकवलं. डोळे मिटून त्यांनी ते पुरं ऐकलं आणि कुजबुजल्या, "मागं कुत्रा भुकतंय, भाऊ. त्याला कारता येल?"

येईल, रेवा म्हणाली.

बाईंनी विचार केला. "नाय, ऱ्हाऊ दे. आमचाच व्हता तो."

रविवारी मैनाच्या हळदीत तो दोनदा भुंकला.