पोलाद दगा देत नाही

जेलरने पिवळ्या फडक्याची गाठ सोडली आणि पिस्तूल काउंटरवर ठेवलं. काच करकरली. त्या काचेखाली प्लास्टिकच्या मुठींची नवी पिस्तुलं ओळीने मांडलेली होती. तिकडे त्याने पाहिलंही नाही.

"एकदा नीट बघून ठेवा, मिस्त्री," तो म्हणाला. "ऐन वेळी दगा द्यायला नको."

मिस्त्रीने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. पिस्तूल त्याच्या ओळखीचं होतं. अख्खं पोलादी, मूळची निळी झाक उडून राखाडी झालेलं, मुठीला अक्रोडाच्या लाकडाच्या पट्ट्या. दर वर्षी नेमबाजीच्या स्पर्धेआधी ते या दुकानात यायचं, आणि येताना वर्षभराची काजळी घेऊन यायचं. आज त्यात कणभर घाण नव्हती. स्पर्धाही अजून लांब होती.

"साफच आहे की हे."

"तरी बघा."

"बसा ना, चहा सांगतो."

"नको. आज बसत नाही."

हे नवंच होतं. जेलर नोकरीत असल्यापासून या दुकानात यायचा तो मुळी बसायलाच. कोपऱ्यातलं स्टूल त्याचं. त्यावर बसून दोघं तासन् तास प्लास्टिकच्या पिस्तुलांना शिव्या घालत. जेलरची बायको म्हणायची, दुकानातच एक खाट टाकून घ्या, मी डबा पाठवत जाईन. थंडी सुरू होताना ती वारली. तेव्हापासून तो कमी बोलायचा, पण यायचा. पायाशी म्हातारं कुत्रं असायचं.

"आणि कुत्रं कुठंय?"

"मेहुणीकडे पोचवलं. तिच्याकडे अंगण आहे." जेलरने रिकाम्या फडक्याची नीट चौकोनी घडी केली आणि ती पिस्तुलाशेजारी ठेवली. "परवा नेतो."

तो गेला. मिस्त्री दाराकडे बघत राहिला.

मिस्त्रीची मुलगी मागच्या खोलीतून बाहेर आली. दुकानाचा पुढचा भाग आता तीच बघायची. नवी पिस्तुलं तिने आणली होती आणि ती खपतही होती. मिस्त्री त्यांना खेळणी म्हणायचा. हातात काही धरलंय हे हाताला कळलं तरी पाहिजे, असं त्याचं म्हणणं. शिवाय ती मोडली की भाग फेकायचा आणि नवा बसवायचा, पाच मिनिटांत काम खलास. त्यात कारागिराने करायचं काय, माश्या मारायच्या? मुलगी म्हणायची, बाबा, माश्या तुम्ही आत्ताही मारताच, फक्त पोलादाने मारता.

"काका बसले नाहीत?" तिने विचारलं.

"नाही." त्याने पिस्तूल उचललं आणि परत ठेवलं. "हे त्याने नेमबाजीसाठी आणलेलं नाही."

तिला समजायला एक क्षण लागला. मग तिने दाराकडे पाहिलं.

"मग देऊ नका परत. कुणाला तरी सांगा."

"काय सांगू? एका माणसाने स्वतःचं पिस्तूल तपासायला दिलं, एवढंच? त्याची अब्रू जाईल, आणि पोलिसांनी नेलं तरी परवाना आहे म्हणून उद्या ते त्याला परतही मिळेल. मग तो माझ्याकडे कधी येणार नाही."

"तुम्ही बोला त्यांच्याशी."

इतक्या वर्षांत मिस्त्री आणि जेलर नळीबद्दल बोलले होते, चापाबद्दल बोलले होते. बायको गेली तेव्हा मिस्त्रीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता, तोही लगेच उचलला होता. जे बोलायला हवं ते कुठल्या शब्दाने सुरू करतात हेच त्याला माहीत नव्हतं, आणि त्याची त्याला लाज वाटली.

त्याने पिस्तूल मागे नेलं आणि सुटं केलं. काडतुसाच्या बुडावर टोचणारी पिन त्याने स्वतःच बनवलेली होती, फार पूर्वी, पोलादाच्या सळईतून हाताने घासून. तसली पिन आता बाजारात मिळत नव्हती. त्याने ती शेगड्याच्या लोखंडी पकडीत धरली, कानस घेतली आणि तिचं टोक थोडं घासलं. थोडंच, पण काडतुसाला टेकू नये एवढं. हात सवयीने सरळ चालला. आयुष्यात त्याने मुद्दाम वाईट काम केलं नव्हतं. दुधात पाणी घालणाऱ्या गवळ्याला पहिल्या दिवशी असंच वाटत असेल, असं त्याच्या मनात आलं. मग पिस्तूल जोडून, काडतूस भरून त्याने वाळूच्या पेटीवर रोखलं आणि चाप ओढला. घोडा पडल्याचा आवाज झाला, बाकी काही झालं नाही. पुन्हा ओढला, तरीही तेच.

ठरल्या दिवशी जेलर आला. "बघितलंत?" "बघितलं." एवढंच बोलणं झालं. पिस्तूल फडक्यात गुंडाळून तो निघून गेला.

त्या दिवसापासून रस्त्यात कुणी मोठ्याने बोललं तरी मिस्त्री दाराकडे बघायचा. पिन तर घासली, पण गळफासाला कुठे पिन लागते, असं एकदा मनात आलं आणि तो जेवणावरून उठला. मुलीने त्याचं ताट झाकून ठेवलं. दोन वेळा तो जेलरच्या गल्लीपर्यंत जाऊन आला. खिडकीत दिवा दिसला, तेवढ्यावर परतला.

आठवड्याभराने सकाळी जेलर दुकानात आला. दाढी वाढलेली होती. त्याने फडकं न सोडताच काउंटरवर ठेवलं.

"चाललं नाही," तो म्हणाला.

मिस्त्रीने काउंटरची कड धरली. तो जिवंत समोर उभा आहे याने त्याला हायसं वाटलं, आणि जेलरने खरोखरच चाप ओढला होता हेही कळलं.

"क्लबात गेलो होतो," जेलर म्हणाला. "नेमबाजीला."

छपराच्या दुरुस्तीसाठी क्लब महिनाभर बंद होता. तिथल्या लोकांनी त्यांची पिस्तुलं मिस्त्रीकडेच आणून ठेवली होती. त्याने फडक्याची गाठ सोडली.

"जन्मभर सांगत आलात, पोलाद दगा देत नाही."

"पोलादाचा दोष नाही. माझा हात चुकला. वय झालं."

जेलरने पहिल्यांदाच खालच्या काचेत पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"मग यातलं एक दाखव, पोरी. हे तरी चालत असेल."

मुलगी जागची हलली नाही. दिवसभर ती गिऱ्हाइकांना त्याच पिस्तुलांचे गुण सांगायची.

"नका घेऊ, काका," ती शेवटी म्हणाली. "चांगलं नाही ते."

"विकतेस की तू."

"तुम्हाला नाही विकणार."

जेलरने हात पुढे केला.

"ती पिन दाखवा मला."

मिस्त्रीने पिस्तूल सुटं केलं. पिन त्याने जेलरच्या तळहातावर ठेवली. जेलर ती घेऊन दाराशी उजेडात गेला. तुरुंगात त्याने सगळा जन्म कैद्यांनी घासलेले चमचे, सळया आणि पत्र्याचे तुकडे जप्त करण्यात घालवला होता. वापराने झिजलेलं टोक कसं दिसतं आणि रात्री कुणी जपून, मन लावून घासलेलं कसं दिसतं, हे त्याला सांगायला नको होतं.

तो दाराशी पाठमोरा उभा राहिला. त्याचे खांदे एकदा हलले.

"चुकलेला हात इतका सरळ चालतो होय?" त्याने वळून न बघता विचारलं.

मिस्त्रीने पिस्तुलाचे सुटे भाग एका रांगेत लावले. "नवी करावी लागेल," तो म्हणाला. "ही प्लास्टिकची असती तर पाच मिनिटांत बदलून दिली असती. आपल्याला हाताने घासायला लागणार. बसवून बघायची, काढायची, परत घासायची. तुम्हाला समोर बसावं लागेल."

"रोज?"

"रोज."

"किती दिवस?"

"ते आत्ता कसं सांगू?"

जेलर परत आला. पिन त्याने काचेवर ठेवली. चेहऱ्यावर राग नव्हता, उपकार मानल्याचंही काही नव्हतं. नुसता थकवा होता, आणि तो एका दिवसात जाणारा नव्हता. त्याने कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि बसला. मुलगी न बोलता चहा सांगायला बाहेर गेली.

मिस्त्रीने पोलादाची नवी सळई शेगड्यात आवळली. कानस उचलली आणि आडवी धरली. तिच्या एका कडेला दाते नव्हते, ती कड गुळगुळीत होती. तीच सळईवर टेकवून तो घासायला लागला. पुढे, मागे. भुकटीचा एक कणही खाली पडला नाही.

जेलर ते बघत होता. जप्त केलेल्या कानशी त्याने शेकड्याने हाताळल्या होत्या. दाते कुठल्या बाजूला असतात हे त्याला चांगलं माहीत होतं.

"सावकाश करा," तो म्हणाला.