तोंडात पाणी कोण घालणार

शालूबाईला नवऱ्याची भीती अशी कधी वाटली नव्हती. बेचाळीस वर्षांच्या संसारात महिपतीने एकदाच हात उगारला होता, तेव्हा तिनेही मुसळ उचललं होतं आणि प्रकरण तिथेच मिटलं होतं. पण आता खाटेवर पडलेला, नाकात नळी घातलेला तोच माणूस अंगठा ओठांना लावून पाणी मागायचा आणि ती त्याची नजर चुकवायची.

घशाचा कॅन्सर. आवाज भाद्रपदातच गेला. मोठ्या दवाखान्याने 'घरी न्या' म्हटलं, म्हणजे काय ते आंदर मावळातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. दर गुरुवारी तळेगावहून प्रतीक्षा नर्स यायची, नळी साफ करायची, दुखण्यावरचं औषध द्यायची. मागच्या गुरुवारी तिने शालूबाईला बजावलं, "मावशी, तोंडावाटे काही द्यायचं नाही. ओल्या फडक्याने ओठ तेवढे पुसा. पळीभर पाणी दिलंत तरी श्वासात जाईल. त्यात ते जातील."

हे तिने सांगितलं खाटेपासून दोन हातांवर उभं राहून! घसा गेला की माणसाचे कानही गेले, असं या शिकल्यासवरलेल्यांना का वाटतं कोण जाणे. महिपतीने सगळं ऐकलं. त्या दिवसापासून तो पाणी मागायला लागला.

दोन दिवस शालूबाईने ओठ पुसून भागवलं. तिसऱ्या दिवशी घरात कुणी नाही असं बघून तिने त्याचा हात हातात घेतला.

"अवो, नुसती तहान आसंल तर येकदा हात दाबा. आन् जायचं आसंल तर दोनदा."

त्याने एकदा दाबला. तिचा जीव भांड्यात पडला. पण त्याने हात सोडला नाही. तिच्याकडे बघत त्याने पुन्हा दाबला, आणि या वेळी जोर लावून. तिने हात हिसकावून घेतला आणि अंगणात वाळत घातलेल्या भातापाशी जाऊन बसली. कोंबड्या भात खात होत्या, तिला हाकलायचं भान राहिलं नाही.

हे तिने कुणालाच सांगितलं नाही. मुलगा सत्यम सुदुंबऱ्याकडच्या कंपनीत, आठवड्याने घरी येणारा. सांगणार तरी काय? बाप मरण मागतोय, देऊ का? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली होती.

मंगळवारी सकाळी महिपतीचा श्वास बदलला. दीर हनुमंतने सत्यमला फोन लावला. नणंद रतनबाई हजर झाली आणि आल्या आल्या तिने कारभार हाती घेतला. खाटेवर जीव जाऊ नये, म्हणून जमीन सारवली, घोंगडी टाकली, महिपतीला खाली घेतलं. तांब्यात पाणी, त्यात तुळशीचं पान, वर पळी. भावकी ओटीवर जमली.

"लय हाल झालं गं माज्या भावाचं," रतनबाई म्हणाली. "आता सोडवा त्याला. सत्यम आला की पयलं पानी त्याच्या हातचं. मग आमी समदी घालू."

इतके दिवस शालूबाई स्वतःच्याच हाताला भीत होती. पोराचा हात तिच्या ध्यानातच आला नव्हता! ती गप्प बसली तर रीत होणार, महिपती सुटणार, कुणाला काही कळणार नाही. पण पुढल्या गुरुवारी ती नर्स सांत्वनाला येणार आणि सहज विचारणार, पाणी दिलं होतं का? मग सत्यम जन्मभर स्वतःच्या हाताकडे बघत बसेल.

सत्यम आला तो कंपनीच्या शर्टावरच. बापाला बघून मटकन बसला. रतनबाईने भरलेली पळी त्याच्या हातात दिली. महिपतीने तोंड उघडलं.

"थांब!" शालूबाई ओरडली. "नर्सबाई सांगून गेलीया. ह्या पान्यानं त्येंचा जीव जाईल. ह्यान्लाबी ठावं हाय, म्हनूनच मागत्यात."

सकाळपासून 'सोडवा, सोडवा' म्हणणारी माणसं खाली बघायला लागली. हनुमंत दोन पावलं मागे सरकला. "वैनी, पोलीस केस हुईल."

"आई, आपण दवाखान्यात नेऊ," सत्यमचा आवाज फाटला. पळीतलं पाणी त्याच्या गुडघ्यावर सांडलं.

दवाखान्याचं नाव ऐकताच महिपती डोकं इकडून तिकडे हलवू लागला. डोळ्यांत पाणी आलं. शालूबाईने पोराच्या हातातून पळी घेतली, भरली आणि नवऱ्याच्या तोंडात रिकामी केली.

ठसका लागला. निम्मं पाणी गालावरून ओघळलं, निम्मं आत गेलं. छाती घरघरली, डोळे मोठे झाले. ठसका हळूहळू निवला. महिपती जिवंत होता.

"झालं गं बाई, पानी पोचलं," रतनबाई घाईने म्हणाली. "रीत झाली. ठिव आता पळी."

पळी ठेवता आली असती. एका पळीला रीत म्हणता येतं, भावकीनेही तेच म्हटलं असतं, देवानेही कदाचित. महिपतीचं तोंड अजून उघडंच होतं आणि तो फक्त शालूबाईकडे बघत होता.

"सत्यम, तू भाईर जा," ती म्हणाली आणि तिने दुसरी पळी काठोकाठ भरली.