बखितकाकांच्या हातातला आरसा

मित्रांनो, आज मला पाहिलेत तर तुम्ही मला भंगारात काढाल. माझा एक कोपरा उडालेला आहे, पाठीवरचा मुलामा जागोजागी सुटला आहे आणि वरपासून खालपर्यंत एक वाकडा तडा गेला आहे. मी एका कपाटाच्या दाराचा आरसा. पण सव्वीस वर्षे मी नाईलच्या पश्चिम काठावरच्या डोंगरात, हजारो वर्षांपूर्वीच्या एका थडग्यात, रोज ऊन आत नेण्याचे काम केले आहे.

माझा जन्म कैरोच्या एका अरुंद गल्लीत झाला. तिथून मला गवताच्या पेंढ्यात गुंडाळून आगगाडीने दक्षिणेला आणले आणि मग होडीतून पलीकडे. रातिबाच्या लग्नातल्या कपाटाला मला बसवले होते. नवी नवरी माझ्यासमोर उभी राहून सुरमा घालायची आणि कुणी येत नाही ना, हे बघून स्वतःशीच हसायची. पुढे तिची चार मुले माझ्यासमोर जिभा काढून मोठी झाली. मी त्या घरातच म्हातारा झालो असतो. पण एके दिवशी कपाटातून विंचू निघाला. रातिबाने हाताला लागलेला बत्ता फेकून मारला. विंचू सुखरूप निसटला, माझे दार मात्र निखळून पडले आणि कोपरा उडाला.

"विंचू मारायला निघाली आणि आरसा मारून बसली!" तिचा नवरा बखित म्हणाला.

"मग न्या की तो तुमच्या मेलेल्यांकडे," ती फणकारली. "त्यांना दाखवा त्यांची तोंडं."

बखितकाकांनी ते खरेच मनावर घेतले. ते डोंगरातल्या एका थडग्याचे पहारेकरी होते. फार जुन्या काळी राजाच्या कोठारातले धान्य मोजणाऱ्या एका कारकुनाचे ते थडगे. तिथे वीज नव्हती आणि मशाल लावली तर चित्रे काळी पडत. म्हणून दाराबाहेर शाझली नावाचा दुसरा पहारेकरी चकचकीत पत्रा घेऊन बसे. तो पत्र्याने ऊन दारातून आत फेकी आणि आत बखितकाका ते माझ्यावर झेलून भिंतीवर वळवत.

पहिल्या दिवशी माझ्या अंगावरून ते ऊन भिंतीवर पडले आणि मी हबकलो. तोवर मी फक्त माणसांचे चेहरे पाहिले होते. इथे काळोखातून लाल, निळे, पिवळे एकदम उसळून बाहेर आले, जणू रंगाऱ्याने आत्ताच कुंचला धुऊन ठेवला असावा. गहू कापणारे लोक, मापे ओतणारे मजूर, खुर्चीवर बसलेला कारकून आणि त्याची बायको. आणि त्या बायकोच्या खुर्चीखाली, गुडघ्याएवढ्या उंचीवर, एक छोटी मुलगी. तिने एका बदकाची मान घट्ट धरली होती.

ही मुलगी बखितकाकांची लाडकी. ते तिला नेहमी शेवटी दाखवत. लोक बाहेर जायला वळले की म्हणत, "थांबा, थांबा! घरातलं शेंडेफळ राहिलं. आता तुम्हीच सांगा, पोरीनं बदकाला धरलंय की बदकानं पोरीला?" लोक खळखळून हसत, पुन्हा वाकून बघत आणि मलाही शाबासकी देत. "या आरशाला बक्षीस द्या!" असे एक पाहुणे म्हणाले होते, ते मी अजून विसरलो नाही.

कुणी भिंतीला हात लावला तर मात्र काका कडाडत. "भिंत आहे ती, गाढवाची पाठ नव्हे! हात मागे!" स्वतः त्यांनी इतक्या वर्षांत एकदाही भिंतीला बोट लावले नव्हते.

मित्रांनो, आता जे सांगतो ते मला कुणाच्याही आधी कळले होते. बखितकाका रोज सकाळी सदऱ्याच्या टोकाने मला पुसत. हळूहळू त्यांचे पुसणे चुकू लागले. धुळीचा ठिपका एकीकडे आणि त्यांचे फडके दुसरीकडे. ते माझ्यात बघून मिशा कातरायचे, तेही थांबले. मी जवळून त्यांच्या डोळ्यांत पाहिले, तर बुबुळांवर दुधाच्या सायीसारखा पडदा आलेला. त्यांना उजेड कळत होता, आकार कळत नव्हते. पण त्यांचे काम अडले नाही. दारापासून सात पावले, डावीकडे वळायचे, मला छातीशी धरायचे, की कापणी. अजून चार पावले, मला गुडघ्याशी आणायचे, की मुलगी. सगळे थडगे त्यांना पाठ होते.

हे शाझलीला ठाऊक होते. एकदा चहा पिताना तो म्हणाला, "बखित, आता सांगून टाक साहेबांना. उद्या पायरी चुकशील."

"निवृत्तीला तीन वर्षं राहिली आहेत," काका म्हणाले. "घरी बसून काय करू? रातिबाच्या कोंबड्या मोजू? आणि त्याही दिसायच्या नाहीत."

शाझली हसला आणि पत्रा घेऊन दाराशी गेला. घरी रातिबालासुद्धा त्यांनी पत्ता लागू दिला नाही.

मग ऐन उन्हाळ्यात इंजी दोन पाहुण्यांना घेऊन आली. इंजी ही वाटाड्या. लोकांना अर्ध्या दिवसात तीन थडगी आणि एक मंदिर फिरवून दाखवणारी, हुशार, चटपटीत मुलगी. काकांना ती वडिलांच्या जागी मानायची. ते दोघे पाहुणे शांत आणि फार अदबीने बोलणारे होते. त्यांच्याजवळ मोठी कातडी पिशवी होती. उकाडा मरणाचा होता. इंजी म्हणाली, "काका, मी बाहेर शाझलीमामांकडे घोटभर चहा घेते. यांना जरा निवांत बघू द्या."

पाहुण्यांपैकी एकाने काकांना कापणीच्या भिंतीकडे नेले. एकेक मजूर दाखवायला लावला, एकेक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला. काका खुलले. माझे तोंड कापणीकडे होते आणि पाठ भिंतीवरच्या मुलीकडे. आमच्या मागच्या काळोखात खर्र, खर्र असा आवाज येत होता.

"कसला आवाज?" काकांनी विचारले.

"कॅमेऱ्याची तिकटी बसवतोय तो, काका. जमीन खडबडीत आहे ना. हं, तर या विळ्याचं काय सांगत होता?"

मला वळता आले असते तर! पण आरशाला स्वतःची मान नसते. अर्ध्या तासाने दोघांनी काकांचे हात हातात घेऊन आभार मानले आणि ते पिशवी उचलून निघून गेले.

पुढचे चार दिवस कुणीच फिरकले नाही. पाचव्या दिवशी इंजी अस्यूत शहरातल्या अठरा शिक्षकांची छोटी सहल घेऊन आली. माणसे मोठी हौशी होती. एक जाड गणिताचे मास्तर मापे ओतणारे मजूर बघून म्हणाले, "अरेरे, म्हणजे हिशेब तपासणारे तेव्हाही होतेच!" सगळे हसले. काका रंगात आले होते. त्यांनी चार पावले टाकली, मला गुडघ्याशी आणले आणि नेहमीचे वाक्य उच्चारले.

"थांबा, थांबा! घरातलं शेंडेफळ राहिलं. आता तुम्हीच सांगा, पोरीनं बदकाला धरलंय की बदकानं पोरीला?"

माझ्या अंगावरचे ऊन खुर्चीखाली पडले होते. तिथे मुलगी नव्हती. बदकही नव्हते. दोन तळहातांएवढा खड्डा होता. कडा ताज्या कापलेल्या, आतला दगड पांढराफटक, आणि खाली जमिनीवर निळ्या-पिवळ्या रंगाचा भुगा.

कुणी हसले नाही.

"काय हो, आज अस्यूतची माणसं हसत कशी नाहीत?" काका म्हणाले. "नीट वाका. तिच्या केसांची बट बघा, कशी गालावर आलीय. बघताय ना?"

एका बाईंनी तोंडावर ओढणी दाबून घेतली. गणिताचे मास्तर आधी खड्ड्याकडे बघत होते, मग काकांच्या चेहऱ्याकडे बघू लागले. काका हसतमुखाने त्या खड्ड्याकडे बोट दाखवत उभे होते.

"काका," इंजीचा आवाज चिरकला. "काका, तिथं काही नाहीये. कापून नेलंय कुणीतरी. तुम्हाला... तुम्हाला दिसत नाही?"

काकांचे हसू तसेच राहिले, जणू चेहऱ्याला अजून बातमी पोहोचलीच नव्हती. मग ते गुडघ्यांवर बसले. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी भिंतीला हात लावला. बोटे रंगावरून सरकत गेली आणि एकाएकी खड्ड्यात पडली. त्यांच्या तोंडून आवाज निघाला तो माणसाचा वाटला नाही. मी त्यांच्या हातून सुटलो आणि दगडावर आपटलो. माझा हा वाकडा तडा तेव्हाचा आहे.

तासाभरात निरीक्षक साहेब आले. त्यांनी सगळ्यांना बाहेर सावलीत उभे केले. शाझलीने मला उचलून भिंतीला टेकवून ठेवले होते, म्हणून मी सगळे पाहिले.

"चाव्या कुणाकडे?"

"माझ्याकडे," काका म्हणाले.

"रोज ती भिंत दाखवतोस आणि एवढा खड्डा तुला दिसला नाही? की दिसायला नको होता? किती दिलं तुला त्यांनी?"

शाझली पुढे झाला. "साहेब, असं बोलू नका. तो—"

"तू गप रे," काका म्हणाले. त्यांनी पागोटे काढून हातात घेतले. "साहेब, मला दोन वर्षं दिसत नाही. मी लपवलं. शाझलीचा दोष नाही, मीच त्याला शपथ घातली होती."

साहेबांनी हातातली उघडी वही दगडावर ठेवली. "पकडला गेलास म्हणून आंधळा झालास होय? सांग, ही किती बोटं?"

काकांनी डोळे बारीक केले. "तीन," ते म्हणाले.

साहेबांनी हात वर केलाच नव्हता. ते दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे होते. शिक्षकांमधून एक हुंदका आला. साहेबांची मान खाली गेली, पण त्यांची वही उघडीच राहिली. "तरी उत्तर द्यावं लागेल, बखित. आत आलं कोण? तुझ्याशिवाय कोण होतं?"

काकांना ते दोघे आठवले असणार. इंजीचा चहाही आठवला असणार. ते पायाखालच्या वाळूकडे तोंड करून उभे राहिले.

इंजीने गळ्यातला वाटाड्याचा बिल्ला मुठीत धरला होता. ती गप्प राहिली असती तर तिच्यावर कुणी बोट ठेवले नसते.

"मी आणलं होतं त्यांना," ती म्हणाली. "पाच दिवसांपूर्वी. दोन पाहुणे. वाटाड्यानं पाहुण्यांना आत एकटं सोडायचं नसतं, हे मला ठाऊक आहे. मी इथं, या दगडावर बसून चहा पीत होते, साहेब. काका नाही म्हणायचे नाहीत, कारण मी त्यांची लाडकी आहे."

"पोरी, गप बस!" काका ओरडले.

"नाही काका. तुम्हाला दिसत नव्हतं. मला दिसत होतं आणि मी बघितलं नाही."

त्या दोघांची नावे खोटी निघाली. ते सापडले नाहीत आणि तो तुकडाही सापडला नाही. इंजीचा बिल्ला एका वर्षासाठी काढून घेतला. बखितकाकांना घरी बसवले. थडग्यात विजेचे दिवे आले, भिंतीपुढे काच आली आणि मी निकामी झालो. शाझलीने मला पोत्यात घालून रातिबाकडे पोहोचते केले. तिने मला अंगणात, भट्टीशेजारी टांगले. भाजण्याआधी उन्हात फुगायला ठेवलेल्या कच्च्या भाकऱ्या आणि माझ्यात चोची मारणाऱ्या कोंबड्या, एवढेच माझे जग उरले.

रातिबाने नवऱ्याला दोन दिवस शिव्या घातल्या. "दोन वर्षं माझ्याशी खोटं बोललात! मी समोर हसले की रडले हेही दिसत नव्हतं तुम्हाला!" तिसऱ्या दिवशी ती त्यांना मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली. डोळ्यांवरचा पडदा काढला. पट्टी सुटल्यावर घरी येऊन काका आधी माझ्यासमोर उभे राहिले आणि दचकून मागे सरले.

"हा पांढऱ्या दाढीचा थेरडा कोण?"

"तोच," रातिबा म्हणाली. "त्याच्याशी संसार करतेय मी."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बगलेत मारले. "तिथं दिवे आहेत आता," ती म्हणाली. "दिवे वर असतात गं," ते म्हणाले, "पोरगी खाली होती." तीही बरोबर निघाली.

दिव्याचा उजेड खुर्चीखाली खरेच पोहोचत नव्हता. शाझलीने दारातून पत्रा धरला. काकांनी मला काचेशी वाकवले. त्यांनी तो खड्डा पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिला आणि त्यांचे हात इतके कापू लागले की ऊन भिंतीवर नाचायला लागले. रातिबाने माझी दुसरी बाजू धरली, तेव्हा ते स्थिर झाले.

मग काका आणखी खाली वाकले. "रातिबा," ते कुजबुजले, "इथं बघ. खालच्या कडेला."

चोरांची करवत एक बोट वरून गेली होती. खड्ड्याच्या खाली मुलीचे दोन्ही पाय होते. इवलेसे, अनवाणी, जमिनीवर घट्ट रोवलेले.

"उभी आहे गं," काका म्हणाले. "अजून उभी आहे ती."

मित्रांनो, तुम्हीही कधी अशा जागी जाल. तेव्हा हात मागे ठेवा. भिंतीवरचे काही खिशात घालावेसे वाटले, तर त्या दोन पायांची आठवण करा. आणि एक विनंती. भिंती बघून झाल्या की त्या दाखवणाऱ्या माणसाच्या डोळ्यांतही एकदा नीट बघा.