बिनगव्हाचा पाव

आपली बायको सुनेत्रा गेल्याचं अप्पांना गिरणीवाल्या गणपतकडून कळलं. पितृपक्षातला मंगळवार होता, सकाळचे साडेदहा वाजले होते. गणपत तीन जिने चढून दारात उभा राहिला. भुवयांवर पीठ, हातात सुनेत्राचा स्टीलचा डबा.

"अप्पा, वहिनी बाकावर बसल्यात," तो म्हणाला. "हाका मारतोय, उठत नाहीत."

अप्पा बनियनवरच खाली धावले. गिरणीच्या बाकावर सुनेत्रा भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर रिकामी पिशवी. हॉस्पिटलात नेलं, पण उशीर झाला होता असं डॉक्टर म्हणाले. किती उशीर, ते अप्पांनी विचारलं नाही.

त्या गडबडीत गणपतने डबा ओट्यावर ठेवला, तो तिथेच राहिला. तेराव्यानंतर अप्पांच्या मुलीने, नूपुरने, स्वयंपाकघर आवरायला घेतलं तेव्हा झाकण उघडून पाहिलं. आत शिंगाड्याचं पीठ होतं.

"आईने मनूच्या पावासाठी दळलेलं," ती म्हणाली. झाकण घट्ट लावून तिने डबा फळीवर ठेवला आणि पुढची बरणी पुसायला घेतली.

मनू म्हणजे नूपुरची मुलगी, सहा वर्षांची. तिला गहू, दूध आणि अंडं चालत नाही. चालत नाही म्हणजे पोट बिघडतं असं नव्हे. दोन वर्षांची असताना माटुंग्याच्या एका लग्नात कुणीतरी कौतुकाने तिच्या हातात बिस्कीट दिलं. दहा मिनिटांत ओठ सुजले, आवाज बसला, श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज यायला लागला. ती वाचली. तेव्हापासून मनू जिथे जाईल तिथे एक निळी पिशवी तिच्याबरोबर जाते. पिशवीत इंजेक्शनचं पेन असतं. मांडीवर दाबायचं आणि दहापर्यंत मोजायचं. नूपुरने अप्पांना चार वेळा शिकवलं होतं. चारही वेळा अप्पांच्या तळहाताला घाम फुटला होता.

कोजागिरीला अख्खी चाळ गच्चीवर मसाल्याचं दूध पिते, आणि मनू नुसती बघत बसते. म्हणून सुनेत्रा दर आश्विनात तिच्यासाठी लाल भोपळ्याचा पाव करायची. त्यात दूध नाही, अंडं नाही आणि कुठलंही धान्य नाही. "ज्वारी दळा नाहीतर तांदूळ, जातं गव्हाचंच," असं ती म्हणायची. शिंगाड्याचं पीठ उपासाचं, म्हणजे ते चोख, एवढंच अप्पांना ठाऊक होतं. भोईवाड्याच्या कोर्टात तीस वर्षं कारकुनी केलेला माणूस, कागदावरचा एक शिक्का कमी असला तर अर्ज परत पाठवायचा. स्वयंपाकघरात काय चालतं ते मात्र त्याने कधी विचारलं नव्हतं.

यंदा कोजागिरी शनिवारी आली. घरात सण नव्हता. नूपुरला ऑफिस होतं आणि मनूला सांभाळणारी बाई गावाला गेलेली. अँटॉप हिलहून ती मनूला घेऊन आली, पण उंबऱ्यातून तिचा पाय निघेना. मनूला एकट्या अप्पांकडे ठेवायची ही पहिलीच वेळ होती.

"अप्पा, चाळीत कुणी प्रसाद दिला तरी नाही."

"माहीत आहे गं."

"काही झालंच तर आधी पेन, मग हॉस्पिटल, मग मला फोन."

"तू जा. उशीर होतोय तुला."

"आई असती तर मला एवढं बोलावं लागलं नसतं," नूपुर म्हणाली. मग तिलाच ते लागलं असावं, कारण जिना उतरताना तिने मागे वळून पाहिलं नाही.

मनूने चपला काढल्या आणि ती थेट स्वयंपाकघरात गेली.

"आजोबा, या वेळी पाव कोण करणार?"

"मी."

"तुला येतो?"

"तुझ्या आजीला करताना बघितलंय."

"बघितलं म्हणजे येतं असं नसतं. मी विमान बघितलंय."

अप्पांनी सगळी भांडी दोनदा घासली. सुरी उकळत्या पाण्यात टाकली. ओटा पुसला, फडकं धुतलं आणि ओटा पुन्हा पुसला. मनू स्टुलावर बसून हुकूम सोडत होती आणि तिला अप्पांपेक्षा जास्त आठवत होतं. भोपळा वाफवून कुस्करायचा. अळशीची पूड पाण्यात भिजवायची, ती अंड्यासारखी चिकट होते. मग किसलेला गूळ, खोबरेल, सुंठ, थोडी दालचिनी. मग फळीवरच्या डब्यातलं पीठ, आणि शेवटी सोड्यावर लिंबू पिळायचं. "फेस आला की घाई करायची, आजी तेव्हा बोलायची नाही," मनू म्हणाली. अप्पाही बोलले नाहीत. कढईत मिठाचा थर तापवून त्यावर लांबट डबा ठेवला, वर ताट झाकलं आणि दोघं घड्याळासमोर बसली.

तासाभराने सुरी खुपसली तर कोरडी निघाली. पावाला मधोमध भेग गेली होती, कडा जरा करपल्या होत्या. पण वास तोच होता. तो वास नाकात शिरला आणि अप्पा मिनिटभर गॅलरीत जाऊन उभे राहिले.

मनूने दोन जाड तुकडे खाल्ले. "आजीचा मऊ असायचा," तोंड भरलेलं असतानाच ती म्हणाली. "पण तू नापास नाहीस."

तेवढ्यात दारात गणपत आला. हातात स्टीलचा डबा. तसाच, तेवढाच, झाकणावर सुनेत्राचं नाव कोरलेला.

"दिवाळीची साफसफाई काढली गिरणीत. हा माळ्यावर निघाला बघा. पोऱ्यांनी उचलून ठेवला असणार. वहिनींचाच आहे."

"दुसरा डबा?" अप्पांनी विचारलं. "दोन होते?"

"नेहमी दोनच. जात्याला गहू चिकटलेला असतो ना. म्हणून वहिनी आधी किलोभर शिंगाडा नुसता जातं पुसायला टाकायच्या. ते पीठ एका डब्यात, ते आमच्या घरी उपासाला. त्याच्या मागचं पोरीचं. दळताना बाजूला उभ्या राहायच्या, हलायच्या नाहीत."

अप्पांनी ताटली मनूपासून दूर सरकवली.

"त्या दिवशी तू वर आणलास, तो कुठला?"

गणपतने डबा दुसऱ्या हातात घेतला. "ते कसं सांगू, अप्पा? दळण संपलं होतं, दोन्ही डबे भरून ठेवले होते. पोरीच्या डब्याला वहिनी दोरा बांधायच्या. त्या दिवशी दोरा बांधायच्या आधी बसते म्हणाल्या जरा. मी हाताला लागला तो उचलला." मग त्याची नजर ताटलीवर गेली, ताटलीवरून मनूवर. "अप्पा. खाल्लं तिने?"

अप्पांनी मनूची हनुवटी धरून तोंड वर केलं. ओठ पाहिले. जीभ बाहेर काढायला लावली. जीभ भोपळ्याने पिवळी झाली होती. त्यांना काहीच समजेना.

"टॅक्सी बघतो," म्हणत गणपत जिन्याकडे पळाला.

निळी पिशवी गळ्यात अडकवून अप्पांनी मनूला उचललं. तीन जिने ते तसेच उतरले. "मी मोठी झालीये, खाली ठेव," मनू सांगत होती, पण त्यांनी ठेवलं नाही.

मोठं हॉस्पिटल दहा मिनिटांवर. फाटकासमोर टॅक्सी थांबली तेव्हा गणपतने पुढच्या सीटवरून मागे पाहिलं. "चला आत."

"थांब जरा. अजून काही झालेलं नाही."

"होईपर्यंत थांबायचं? नूपुरला तरी फोन लावा."

"लावतो," अप्पा म्हणाले. फोन खिशातच राहिला. आत गेलो की आधी मनूच्या आईचा नंबर विचारतील, हे एकच त्यांच्या डोक्यात होतं. नूपुर काय म्हणेल, ते त्यांना आत्ताच ऐकू येत होतं. आपण पोरीच्या जिवाशी खेळतोय हेही कळत होतं, तरी त्यांचा हात दाराच्या मुठीकडे जाईना. पेन त्यांनी उजव्या हातात धरलं होतं आणि डावा हात मनूच्या मांडीवर होता.

"मनू, बोलत राहा."

"काय बोलू?"

"काहीही. पाढे म्हण."

"आज सुट्टी आहे. वर्गाची हजेरी म्हणू?" आणि ती म्हणू लागली, बाईंच्या आवाजात, नंबर आणि नाव. अप्पा नावं ऐकत नव्हते. आवाज ऐकत होते, तो घोगरा होतोय का, मध्ये अडकतोय का.

"काका, उतरताय की इथेच मुक्काम?" ड्रायव्हर म्हणाला.

"तुला थांबायला काय होतंय?" गणपत त्याच्यावर खेकसला.

सतराव्या नावाला मनूला ठसका लागला. एकदा, दोनदा, मग लागोपाठ. चेहरा लाल झाला, डोळ्यांत पाणी आलं. अप्पांनी पेनाचं टोपण दातांनी ओढलं. सुनेत्रा बाकावर बसलेली त्यांच्या डोळ्यांपुढे आली.

"मनू, आवाज दे. आवाज दे मला."

"पाणी," मनू म्हणाली. स्वच्छ, खणखणीत. पाणी पिऊन तिने तोंड पुसलं. "तू माझी हजेरी बिघडवलीस. आता पहिल्यापासून."

तिने पहिल्यापासून म्हटली. दोनदा झाली. तास झाला, सव्वा तास झाला. ओठ तसेच होते, अंगावर एक पुळी नव्हती. अप्पांनी टोपण लावायला घेतलं तर ते बसेना. गणपतने मागे हात करून लावून दिलं.

"म्हणजे बरोबरचाच डबा होता," तो म्हणाला.

"किंवा नव्हता, आणि आज निभावलं," अप्पा म्हणाले. "जिला माहीत होतं ती गेली."

घरी आल्यावर उरलेला पाव त्यांनी कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकला. दोन्ही डबे गणपत घेऊन गेला. मनू रुसून गॅलरीत बसली, कारण तिला आणखी एक तुकडा हवा होता.

साडेसहाला नूपुर आली. आल्या आल्या तिने मनूला जवळ ओढून कपाळ, गळा, हात पाहिले, रोज पाहते तसे.

"आजोबांनी पाव केला," मनू म्हणाली. "मग आम्ही टॅक्सीत बसलो. खूप वेळ."

"टॅक्सीत? कुठे गेला होतात?"

"जरा फिरवून आणलं," अप्पा म्हणाले.

नूपुर ओट्याशी गेली. घासून पालथा घातलेला लांबट डबा तिने उचलून पाहिला आणि तिचा चेहरा कित्येक दिवसांनी सैल झाला. "अप्पा, सकाळी मी उगाच बोलले. दिवाळीच्या सुट्टीत हिला तुमच्याकडेच ठेवते. पाळणाघर बघत होते, ते नको आता."

अप्पांनी मान हलवली. दोघींना टॅक्सीत बसवून ते वर आले. गच्चीवर दूध आटवायला ठेवलं होतं, त्याचा वास जिन्यात येत होता. दिवाळीची सुट्टी दोन आठवड्यांवर आली आहे. नूपुरला अजून सांगितलेलं नाही.