खिडकीपलीकडचा भाऊ

फुफ्फुसांच्या दुखण्यातून उठून विदोये दवाखान्यातून घरी आला, त्याला जेमतेम तीन आठवडे झाले होते. तेवढ्यात घराण्याच्या संताचा दिवस येऊन ठेपला. या सणाला कुणी कुणाला बोलावत नाही. यायचं तो येतो, आणि आलेल्याला परत पाठवायचं नसतं. आणखी एक सर्दी म्हाताऱ्याला झेपणार नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं. त्याच्या बायकोचा, स्तामेनाचा, जीव नुसता टांगणीला लागला होता.

"गर्दी टाळा. नाहीच टळली, तर खिडक्या उघड्या ठेवा," असं बाईंनी सांगितलं होतं. स्तामेनाने पहिलं ऐकलं, दुसरं सोडून दिलं. शिकलेली पोर, तिला झोताचं काय कळणार? दोन बाजूंनी वारा खेळला की माणूस आडवा होतो, हे इथं पाळण्यातल्या बाळालाही ठाऊक असतं. दाढदुखीपासून स्वतःच्या आईच्या मरणापर्यंत सगळ्याचा दोष स्तामेनाने झोतालाच दिला होता. तिने खिडक्यांच्या फटीत चिंध्या कोंबल्या आणि प्रसादाच्या गोड गव्हाचं ताट घेऊन दारात उभी राहिली.

"आधी हात धू, मग गहू," तिने शेजारणीला, कोसाराला, अडवलं. "आणि गालांवर मुके नाहीत यंदा."

"तीन मुक्यांशिवाय सण कसला गं? नुसतं तोंड बघायला आलेय का मी?"

"तुझ्या मुक्यांवाचून विदोये मेला नाही अजून. धू हात."

अकरा माणसं झाली. खोली कोंदली, कुणीतरी खोकलं, तशी स्तामेनाने वळून आधी विदोयेकडे पाहिलं.

मग फाटकात मिलुतिन दिसला, विदोयेचा धाकटा भाऊ. नाक लाल, गळ्याला मफलर. तो आत येईना.

"वहिनी, मला सर्दी झालीय," तो तिथूनच म्हणाला. "संतापुढे टोपी काढायला आलो. निघतो."

मेणबत्तीपुढे सणाचा पाव दोघा भावांनी धरायचा, तीनदा फिरवायचा आणि मोडायचा. बाप गेल्यापासून सदतीस वर्षं त्यांनी एकदाही चुकवलं नव्हतं. स्तामेना वळून बघते तो विदोये खुर्चीतून उठून बूट चढवत होता.

"अहो, कुठं निघालात?"

"फाटकापर्यंत. तो आत येणार नाही, तर मी जातो."

आता याला धरून ठेवता येणार नाही, हे तिला कळलं. बाहेर बर्फ होता. तिने नवऱ्याच्या डोक्यावर लोकरी टोपी दाबली, अंगावर मेंढीच्या कातड्याचा कोट टाकला. मग त्याला खिडकीशी नेऊन उभं केलं आणि स्वतःच कोंबलेल्या चिंध्या उपसून दोन्ही तावदानं सताड उघडली. मागं दारही उघडंच होतं.

"बाई गं, झोत!" कोसारा ओरडली. "मारशील त्याला!"

"डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय," स्तामेना म्हणाली. तिचा स्वतःचा आवाज तिला पटत नव्हता. "भाऊजी, अंगणात या, पण आलुबुखाऱ्याच्या झाडापुढं यायचं नाही."

मिलुतिन झाडाखाली उभा राहिला. पावाची त्याची बाजू स्तामेनाने धरली. मेणबत्तीची ज्योत लवली, तशी कोसाराने पुटपुटत तिच्याभोवती दोन्ही तळवे धरले. विदोये पाव फिरवू लागला. बाहेर मिलुतिनने टोपी काखेत घातली, रिकामे हात पुढे केले आणि तेही फिरवले, भावाच्या जोडीनं, त्याच बाजूला. पाव मोडला तेव्हा त्याचे हात हवेत अलगद वेगळे झाले. स्तामेनाला रडू आवरेना.

तिने दिराचा अर्धा पाव फडक्यात बांधून कुंपणाच्या खांबावर ठेवला आणि मागे सरली. मिलुतिनने तो छातीशी धरला.

"मोठा तुकडा तुझ्याकडं आलाय, चोरा," विदोये खिडकीतून म्हणाला.

"पुढच्या वर्षी येतो, तेव्हा परत घे."

तो वळणाआड गेला तरी विदोये खिडकीतच उभा. एरवी स्तामेनाने केव्हाच त्याला आत ओढलं असतं. आज तिने त्याच्या कोटाचं वरचं बटण लावलं आणि खिडकी तशीच राहू दिली.