थांबलेली जीप

आमच्या धावपट्टीवर एक यंत्र आहे. विमान उतरायला आलं आणि पट्टीवर काही आडवं असलं, की टॉवरमध्ये भोंगा वाजतो. त्याची देखभाल माझ्याकडे. पण कडेला नुसतं गवत कापायचं मशीन उभं असलं तरी ते बोंबलायचं. टॉवरवाले फोन करायचे, "अरे बाबा, याचं तोंड बंद कर!" शेवटी माझंही डोकं फिरलं. एका जागी मिनिटभर थांबलेली वस्तू मोजायचीच नाही, असं मी त्यात बसवून टाकलं. ना नोंद, ना साहेबांची सही. सगळे खूश! टॉवरवाल्यांनी मला चहा पाजला.

मी फक्त दाजीला सांगितलं होतं. दाजी म्हणजे ताईचा नवरा, पट्टी तपासायच्या जीपवरचा ड्रायव्हर. हसत म्हणाला, "म्हणजे मी जरा जास्त उभा राहिलो, तर तुझ्या लेखी मेलोच की रे!"

मंगळवारी सकाळी टायरचा तुकडा दिसला म्हणून तो जीप थांबवून उतरला. तुकडा डांबराला घट्ट चिकटलेला, वेळ लागला. तेवढ्यात टॉवरमध्ये पाळी बदलली, आणि जीप पट्टीवर आहे हे सांगायचं राहून गेलं. नव्या माणसाला धुक्यात पट्टी दिसत नव्हती आणि भोंगा गप्प. त्याने विमानाला उतरू दिलं. वैमानिकाने ऐनवेळी विमान वर उचललं, पण चाक जीपला लागलं आणि जीप दाजीच्या अंगावर उलटली. डावा पाय गुडघ्यापासून गेला.

दुपारी मी यंत्र गुपचूप पूर्वीसारखं करून ठेवलं. हो, केलं! चौकशीवाल्यांना यंत्रात काहीच सापडलं नाही.

पाचव्या दिवशी ठरवलं, सगळं सांगून टाकायचं, होईल ते होईल. आधी ताईकडे हॉस्पिटलात गेलो. ती दाजीचे कपडे पिशवीत भरत होती. मी सगळं सांगितलं.

"माहीत आहे," ती म्हणाली. "त्यांनीच सांगितलं."

"उद्या चौकशीत बोलतो मी."

"काही बोलायचं नाही. त्यांनी काल लिहून दिलंय. उशीर होतोय हे वायरलेसवर कळवलं नाही, चूक माझीच, म्हणून."

"अगं, पण का?"

"म्हणाले, माझी नोकरी गेलीच आहे, त्याची कशाला घालवायची? पोरं लहान आहेत त्याची."

मला रडू यायला हवं होतं. ताईचे पाय धरायला हवे होते. खरं सांगतो, सगळ्यात आधी मला सुटल्यासारखं वाटलं. आणि ताई माझ्या तोंडाकडेच बघत होती.