‘अजून’ काढल्यावर

मार्लूसने मसुदा पुन्हा एकदा वाचला आणि चष्मा काढून डोळे चोळले. सरकारी मंडळांनी हवामानाबद्दल दिलेली वचनं पाळली की नाही, हे तपासायचं तिचं काम. हेगच्या कचेरीत त्याच कामात तिचे केस पिकले होते. यंदा पाळी ऊर्जा नियामक मंडळाची होती.

मंडळाचं वचन साधं होतं. कुणी नवी गॅसवाहिनी मागितली की तिच्यामुळे हवेत किती कर्बवायू जाईल ते मोजू, आणि मर्यादा ओलांडली तर परवानगी नाकारू. मोजलं सगळ्यांचं. निम्म्यांनी मर्यादा ओलांडली होती, आणि नाकारलं एकालाही नाही.

तरी दर खेपेला अहवालात छापून येई, ‘वचन अजून पूर्ण झालेलं नाही.’ ते ‘अजून’ मार्लूसचं नव्हतं. आम्हा डच लोकांत कुणाला तोंडावर नापास करायची रीतच नाही. मसुदा आधी ज्याचा त्याला दाखवायचा, मग टेबलाभोवती बसायचं, कॉफी आणि माणशी एक बिस्किट, आणि शब्द घासून घासून असा गुळगुळीत करायचा की कुणालाच टोचू नये. याला आम्ही समजूतदारपणा म्हणतो. मार्लूसला त्याचा वीट आला होता. यंदा तिने ‘अजून’ काढून टाकलं.

मंडळातर्फे बोलणी करायला वीब्रन आला. वचनाचं ते वाक्य त्यानेच लिहिलेलं, वरिष्ठांशी भांडून घुसवलेलं. दोघांची ओळख फार जुनी.

“अगं बाई, एवढा राग कुणावर?” त्याने बिस्किट कॉफीत बुडवलं. “एक शब्द तर होता बिचारा.”

“त्या बिचाऱ्याच्या जिवावर तुम्ही किती वर्षं काढलीत?”

“काढली ना! म्हणून तर वाक्य जिवंत आहे.” मग तो खालच्या आवाजात म्हणाला, “‘अजून’ असलं की मी साहेबांना सांगू शकतो, बघा, हे करायचं राहिलंय. नुसतं ‘नाही’ लिहिलंस तर ते म्हणतील, जमत नाही ना, मग टाका काढून. त्यांना निमित्तच हवंय.”

“म्हणून मी खोटं लिहू?”

“‘अजून’ खोटं आहे?”

“तूच सांग. तुमच्याकडे परवानगी नाकारायची इच्छा कुणाला आहे?”

“मला.”

“आणि?”

वीब्रन कॉफीत पडलेला बिस्किटाचा तुकडा चमच्याने काढू लागला.

तिला त्याची दया आली. शब्द परत घालावा असं फार वाटलं, पण तिने घातला नाही.

अहवाल बाहेर पडला. वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळी आल्या. मग मंडळाचं उत्तर आलं, अतिशय नम्र. आक्षेप मान्य, त्रुटी दूर केली आहे. ‘परवानगी नाकारू’ ऐवजी आता ‘नाकारण्याचा विचार करू’ असं वचन आहे. असा विचार मंडळ प्रत्येक अर्जाच्या वेळी करतंच, तरी नव्याने तपासणी व्हावी ही विनंती.

मार्लूसने तपासलं. विचार केल्याच्या नोंदी चोख होत्या. तिने वीब्रनला फोन लावला.

“हे नवं वाक्य कुठल्या शहाण्याने लिहिलं रे?”

“मीच,” तो थकलेल्या आवाजात म्हणाला. “दुसऱ्या कुणी लिहिलं असतं, तर ‘विचार’सुद्धा उरला नसता.”

तिने फोन ठेवला, आणि ‘वचन पूर्ण झालं आहे’ असं लिहून खाली सही केली.